बत्ती मोठी कर

१६ ऑक्टोबर १९९४, रविवार

ही डायरी खताच्या दुकानदारानं आमच्या म्हाताऱ्याले, म्हणजे माह्या नवऱ्याले, जानेवारीत देल्ली होती. वर लक्ष्मीचा फोटो, आत सारं तेलगू. म्हाताऱ्यानं ती पेटीत धोतराखाली ठेवली अन् विसरला. आज पेटी उन्हात टाकली तवा सापडली, सारी कोरी. केशव म्हणे, माय, तू गल्लीभर सांगत फिरतं ते यात लिहीत जाय, गल्लीले तेवढाच आराम. केशव माहा लेक. भैंसा गावाले कापसाच्या जिनिंगमधी हाय, सुट्टीले येते अन् असं ग्यान देऊन जाते.

मी सातवी शिकली हाय, मराठी शाळेत. मास्तर शुद्धलेखनाच्या चुकीले छडी मारत. मास्तर वारले, म्हणून आता मी बोलते तसंच लिहीन.

लिहाले कारण असं. काल आदिलाबादच्या बाजारात मास्तरीणबाईनं, माही नेहमीची गिऱ्हाईक ती, माही मेथीची जुडी नाकाले लावली अन् म्हणे, हिले घासलेटचा वास येते. लगेच टोपल्यात परत टाकली. बाजूले कुसुमबाई बसली होती. कुसुमबाई आमच्याच गावची, माह्याच बसनं येते, माह्याच शेजारी भाजी मांडते, अन् लगन होऊन आली तवापासून माह्या जागेवर नजर ठेवून हाय. कडुलिंबाच्या सावलीतली जागा हाय ती, माह्या सासूपासून चालत आली. कुसुमबाईनं त्याच मास्तरणीले आपली मेथी हुंगवली अन् इकली.

वास खरा होता. हे मी इथं कबूल करते, बाजारात नाई केलं. पहाटं वावरात कंदील घेऊन भाजी तोडा लागते, नाई त पहिली बस सापडत नाई. वारा आला का कंदील भडकते, कलंडते, अन् घासलेट भाजीवर. उजेड तरी कुठं राह्यला त्याचा? काच राखेनं घासली, वात नवी टाकली, तरी सारं धुरकट ते धुरकटच. घासलेटातच भेसळ हाय. मी रेशनवाल्याले तोंडावर तसं सांगतलं. त्यानं कानाले हात लावला, म्हणजे चोरच हाय.

मंग ठरोलं. सेलवरची बत्ती घ्याची.

१९ ऑक्टोबर, बुधवार

बत्ती घ्याले म्हातारा संगं आला. त्याचं नाव मारोतराव, पण आज सायब झाला होता. म्हणे टॉर्च घे, लांब फेकते. मी म्हणलं, मले वावरात वाघ मारायचा नाई, सांबार तोडायचा हाय. सांबार म्हणजे शहरातल्या बाया जिले कोथिंबीर म्हणतात ते. येका हातात इळा, येका हातात सांबाराची मूठ, मंग टॉर्च का दातात धरू? अन् दात तरी कुठं राह्यले?

दुकानदार हिंदीवाला. त्यानं बत्त्या काढून मांडल्या. पहिलीत वाटाण्यायेवढा बल्ब, देवघरात शोभन अशी. दुसरी करंटवर भरून ठेवाची. मी म्हणलं, भैया, हमारे गाव में करंट रहता तो मैं बत्ती कायकू लेती? त्याले हासू आलं. तिसरी मात्र पाह्यताबरोबर पटली. वीतभर उंच, वर धराले कडी, मधी पांढरी नळी, बुडाखाली मोठे सेल. बटन येकदा दाबलं का छोटी, अजून दाबलं का मोठी, अजून दाबलं का बंद.

पण भर दुपारच्या दुकानात बत्तीची परीक्षा कशी होईन? मी त्याच्या मागच्या अंधाऱ्या कोठीत घुसली. बत्ती फरशीवर ठेवली, लुगडं खोसलं, उकिडवी बसली अन् खोटाखोटा सांबार तोडून पाह्यला. डाव्या हातानं मूठ, उजव्या हातानं इळा, असं सरकत सरकत भिंतीपावतर. बत्ती कलंडत नाई, कडी कोपरात बसते, वजन लेकरायेवढं बी नाई. बाहेर दुकानदार अम्मा अम्मा करून राह्यला होता. म्हातारा रस्त्याकडं तोंड करून उभा, जसा काही मले ओळखतच नाई.

येकच खोट दिसली. बत्तीभोवती रंगीत कडं पडते, चंद्राले खळं पडते तसं. दुकानदार म्हणे, कुछ नहीं है अम्मा. म्हाताऱ्याले विचारलं. त्यानं बत्तीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं, अन् म्हणे, घेऊन टाक. दोघं मिळालेले दिसते.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

काय बत्ती हाय. वाऱ्याचं भेव नाई, वास नाई, भडकणं नाई. मेथी बाजारात नेली अन् मास्तरणीच्या नाकाले म्या सोताच लावली. तिनं घेतली. कुसुमबाई म्हणे, सोजरबाई, बत्तीनं भाजी लवकर उगते का वं? मी म्हणलं, उगत नाई, पण जळणाऱ्याले उजेड बरा पडते.

२३ ऑक्टोबर, रविवार

आज घरात तमाशा झाला.

आमच्यात दिवा विझव असं कोनी म्हणत नाई. विझव म्हणलं का घरातलं कोनी विझते असं मानतात. म्हणून दिवा मालवाचा असला का "दिवा मोठा कर" म्हणाचं. माही सासू म्हणे, मी म्हणते, सून मनकर्णा, केशवची बायको, भैंश्याकडची, तिच्या माहेरी बी तसंच. अन् कंदिलाचा उजेड वाढवाचा असला त "वात चढव" म्हणाचं. पिढ्यानपिढ्या कोनाची कायी अडचण झाली नाई.

पण या बत्तीले वातच नाई. दुकानदारानं छोटी-मोठी शिकवलं, माह्या तोंडात तेच बसलं. पहाटं अंगणात जुड्या बांधत होती. उजेड कमी वाटला त मनकर्णाले म्हणलं, बत्ती मोठी कर. तिनं बंद केली. मी म्हणलं, अवं मोठी कर म्हणलं ना. ती म्हणे, केली ना आत्याबाई. मी म्हणलं, तुह्या माहेरी याले मोठी म्हणतात का? ती म्हणे, तुमच्या बी घरी यालेच म्हणतात, तुमीच त म्हणता. घुप्प अंधार, सांबार पायाखाली, अन् खाटेवरून म्हातारा खो खो हासून राह्यला. म्हणे, सूनबाई, आता हिले बी मोठी कर, मले झोप येऊन राह्यली.

सून गरीब हाय पण जिभेनं माह्यापेक्षा कमी नाई. म्हणे, आत्याबाई, येवढी मोठी केली, याच्यावर अजून किती मोठी करू?

शेवटी कायदा केला. बत्तीच्या बाबतीत मोठी म्हणजे मोठीच. बंद करायची असली त "निजव" म्हणाचं. देवघरातल्या समईले जुनाच कायदा, कारण देवाले नवीन शिकवत बसाले मले वेळ नाई.

३१ ऑक्टोबर, सोमवार

बत्ती लबाड निघाली. पहिले चार दिवस सासरी आलेल्या सुनेसारखी चांगली वागली, आता रोज उजेड कमी. मोठी केली तरी धुकं पडल्यासारखं. सेल नवे टाकले, तेच. सेल उन्हात वाळोले, तेच.

बसनं तशीच दुकानात नेली. दुकानदारानं बटन दाबलं. तिथं भाज्या घेऊन उभ्या दोघी-तिघी होत्या, त्याईले विचारलं, त्या म्हणे, बत्ती चांगली झगझगीत हाय. त्याच्याच नात्यातल्या असतीन. मी म्हणलं, माह्या वावरात झगझगत नाई ते काऊन? तो माह्या तोंडाकडं पाहून राह्यला, मंग हळूच म्हणे, "अम्मा, एक बार आँख दिखाओ."

घे म्हणलं. मी त्याले असे डोळे वटारून दाखोले का त्याचा नोकर दोन पावलं मागं सरला. दुकानदारानं कपाळाले हात लावला. म्हणे, मेरे को नहीं अम्मा, डाक्टर को. मी म्हणलं, डाक्टरले काऊन वटारू? त्यानं माहं काय केलं? बत्ती तू इकली.

सेल बदलून देल्ले त्यानं, फुकट. मनात चोर असल्याशिवाय कोनी फुकट देत नाई.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी झाली. मनकर्णानं वट्यावर पणत्या मांडल्या. इतक्या का मी मोजता मोजता थकली. तिले म्हणलं, तेल का तुह्या बापाच्या घाण्यातून येते? दरवर्षीच्या दुप्पट मांडल्या तुनं. ती म्हणे, आत्याबाई, दरवर्षीयेवढ्याच हायेत. तुळशीजवळच्या येका पणतीच्या मले दोन ज्योती दिसत होत्या अन् ही म्हणे येकच हाय. सणासुदीले वाद नको म्हणून सोडून देल्लं.

चकल्या चांगल्या झाल्या होत्या.

९ नोव्हेंबर, बुधवार

आज माही लाज गेली.

मास्तरीणबाईनं माही सांबाराची जुडी सोडली अन् साऱ्या बाजारादेखत येक काडी वर धरली. म्हणे, हे काय हाय? मी म्हणलं, सांबार. म्हणे, हे गाजरगवत हाय, सोजरबाई. गाजरगवत ज्याच्या हाताले लागलं त्याले खाज सुटते, ते गवत. कवळं असलं का पान सांबारासारखंच दिसते, पण माह्या हाताखालून आजवर येक काडी गेली नव्हती. दुसरी जुडी सोडली, तिच्यात बी. चार बाया जमल्या. येक म्हणे, आमच्या पोराले परवा ताटात असंच कडू लागलं.

मी बोलली. लय बोलली. गवत बाजारात कोनीतरी टाकलं म्हणलं अन् कुसुमबाईकडं पाह्यलं. कुसुमबाईनं आपलं टोपलं थोडं बाजूले सरकोलं अन् माह्या साऱ्या जुड्या मांडीवर घेऊन निवडाले बसली. माहा माल जास्त खराब हाय असं दाखवाचं होतं तिले.

टोपलं भरलेलंच घरी आलं. सासूनं मरताना मले डोरलं नाई देल्लं, जमीन नाई देल्ली, ती जागा देल्ली. माह्या जुडीत गवत निघते असं नाव झालं त उद्या त्या लिंबाखाली कोनी बी बसन. त्या बत्तीच्या मायले. उजेड नाई म्हणून हे झालं, दुसरं काय?

१५ नोव्हेंबर, मंगळवार

दुसऱ्या दुकानातून दुसरे सेल आणले. लाल टोपीचे. फरक पडला.

बत्तीत मले फार फरक दिसत नाई, पण जुड्या पाहा. पाच-सहा बाजार झाले, येका बी जुडीत गवताची काडी निघाली नाई. मास्तरीण सोडून सोडून पाहते अन् गप घरी नेते. म्हणजे सेलच वाईट होते. हे मी दुकानदाराले जाऊन सांगणार हाय.

म्हाताऱ्याचं मात्र कायतरी बिनसलं. कवा पहाटं न उठणारा माणूस, आता मी वावरातून आली का अंगणात हजर. मी आत लुगडं बदलाले गेली का माह्या टोपल्यापाशी घुटमळते. आज बाहेर आली त घाईनं उठला अन् हात धोतराले पुसले. जुड्या बी माह्या गाठीच्या वाटल्या नाई. दोन गाठी मारते मी, ह्या येकच होत्या. विचारलं त म्हणे, गाय पाहून राह्यलो होतो. गाय गोठ्यात, हा टोपल्यापाशी. म्हातारपणी झोप उडते अन् डोकं बी, असं माही सासू म्हणे. कालपासून त्याच्या दोन्ही हाताले खाज सुटली म्हणून खोबरेल चोपडते. नायट्यावरचं औषध आणा म्हणलं.

२० नोव्हेंबर, रविवार

केशव आला. माही डायरी उघडून पाह्यली, वाचू नको म्हणलं तरी. म्हणे, माय, तुह्या ओळी येकमेकीच्या अंगावर चढल्या, अक्षरावर अक्षर पडलं. मी म्हणलं, डायरीवाल्यानं रेघा पुसट छापल्या त मी काय करू? फुकटचं असंच असते. त्यानं डायरी खिडकीत नेली, पाह्यली, अन् ठेवून देल्ली.

मंग जेवताना हळूच म्हणे, आदिलाबादेत डिसेंबरात डोळ्याचं शिबिर हाय, मोतीबिंदू काढतात, जेवण-राहणं त्याईचंच. म्हाताऱ्यानं घास तसाच हातात धरला. मनकर्णा चुलीकडं पाहत राह्यली. तिघाईनं आधी ठरोलं होतं, मले समजत नाई का?

मी म्हणलं, कोनाचा मोतीबिंदू? माहे डोळे घारीचे हायेत. नळीचा उजेड पडत नाई त माहे डोळे फाडता का? अन् मंग मी थांबलीच नाई. माही माय बयनाबाई, तिच्या डोळ्यात पडदा आला तवा येक वैदू गावात आला होता. सुई घालून पडदा पाडतो म्हणे. दोन दिवस चांगलं दिसलं, मंग दोन्ही डोळे गेले. त्यानंतर ती कोपऱ्यात बसून तूर निवडे. खडे डाळीत पडत अन् डाळ भुईवर. बाया दिवसभर तिची डाळ तिच्यामागं परत निवडत, अन् तिच्या हाती अजून देत, का म्हातारी गुंतून राहो. मले तसं गुंतून राह्याचं नाई. मी त्या कोपऱ्यात बसणार नाई.

केशव म्हणे, माय, हा वैदू नाई, डाक्टर हाय. मी म्हणलं, सुई त सुईच ना. तो न जेवताच उठला. मले बी भाकर गेली नाई.

२७ नोव्हेंबर, रविवार

पहाटं धुकं होतं. मनकर्णा संगं आली होती, बत्ती धराले. मी सांबाराच्या वाफ्यात वाकली. कायी दिसेना. पान न् माती येकच. म्हणलं, मनकर्णा, बत्ती मोठी कर.

बटन वाजलं. मले जराही उजेड वाढलेला दिसला नाई. मी म्हणलं, आली का परत जुन्या वळणावर? मोठी कर म्हणलं त निजवली काऊन? मी अजून बोलली. तुह्या मायनं तुले येवढं बी शिकोलं नाई का म्हणलं, अन् बरंच कायी, ते लिहीत नाई.

ती खाली बसली. म्हणे, "आत्याबाई, बत्ती मोठीच हाय. तुमच्या हाताशी हाय."

मी हात पुढं केला. नळीले लागला. नळी कोमट होती. तोंडापुढं उचलली तवा पांढरा गोळा दिसला, कापूस पिंजल्यासारखा, अन् त्याच्यापलीकडं कायी नाई. मनकर्णाचं तोंड नाई, माहा सोताचा हात नाई.

धुकं किती हाय म्हणून विचारलं. ती म्हणे, धुकं नाई आत्याबाई, चांगलं उजाडत आलं.

मले भेव लागलं. लय भेव लागलं. इळा तिथंच ठेवला अन् वाफ्यात बसून राह्यली.

२८ नोव्हेंबर, सोमवार

बाजारात गेली नाई.

३० नोव्हेंबर, बुधवार

मनकर्णाले समोर बसोलं अन् म्हणलं, सारं सांग. ती सांगत नव्हती, मी बत्तीवर हात ठेवून शपथ घे म्हणलं, तवा हासली अन् मंग सांगतलं.

मामाजी, म्हणजे आमचा म्हातारा, रोज पहाटं माह्या साऱ्या जुड्या सोडते. मी आत लुगडं बदलते तेवढ्यात. गवताची काडी न् काडी काढते अन् परत बांधते. त्याच गवतानं हाताले खाज सुटली. उरलेलं बाजारात कुसुमबाई काढे, मी सुट्टे आणाले उठली का. त्यानं तिले सांगून ठेवलं होतं. दुकानात बत्तीचं कडं मी त्याले विचारलं, तवापासून त्याले समजलं होतं म्हणे. मले सांगाची हिंमत झाली नाई, का मी मायचं काढीन.

मले वाटलं मी आता रडीन. पण मले संतापच आला. मी तूर निवडून राह्यली होती. कोपरा तेवढा बदलला, कोपऱ्याच्या जागी वावर अन् तुरीच्या जागी सांबार, अन् हे सारे माह्यामागं निवडत होते, का म्हातारी गुंतून राहो.

म्हातारा संध्याकाळी आला. मी म्हणलं, माह्या जुडीले हात लावाचं कोनं सांगतलं होतं तुमाले? तो म्हणे, नाई लावत. मी म्हणलं, तुमी लावसान. मी आंधळी झाली का मरेपावतर लावसान, मले माहीत हाय. तो भुईकडं पाहत हात खाजवत राह्यला.

मंग मीच म्हणलं, शिबिर कवा हाय ते केशवले इचारा. माहा येक डोळा गेला त दुसरा राहीन. पण माह्या जुड्या मीच बांधीन.

१० डिसेंबर, शनिवार

हे मी मनकर्णा लिहून राह्यली. आत्याबाईच्या डोळ्यावर पट्टी हाय, त्या सांगतात अन् मी लिहिते. त्या म्हणतात जसंच्या तसं लिहाचं, मनानं घालायचं नाई.

शिबिर शाळेत होतं. वर्गात खाटा, फळ्यावर कोनीतरी पाढे लिहिलेले. साऱ्या म्हाताऱ्या-म्हाताऱ्याईचे येक येक डोळे हिरव्या चिंधीनं बांधलेले, जशे चोर पकडून आणले. डाक्टर तेलगू होता, पोरगाच होता. माहा डोळा पाहून म्हणे, अम्मा, येवढा पिकोस्तोर काय करून राह्यली होती? मी म्हणलं, बत्ती बदलून राह्यली होती. त्याच्या नर्सनं त्याले तेलगूत सांगतलं अन् तो हासला. मंग सुई टोचली, दुखलं नाई. आत काय करत होता ते समजलं नाई, पण तो कोन्या लग्नाच्या जेवणाबद्दल बोलून राह्यला होता, म्हणून मले धीर आला. जीव जाणार असता त माणूस वरणाबद्दल कशाले बोलते.

(आत्याबाई त्या रात्री माहा हात सोडत नव्हत्या. हे त्याईनं सांगतलं नाई, मी घातलं.)

आता घरी हाय. वाकाचं नाई, खोकलाचं नाई, डोक्यावरून पाणी नाई, रडाचं त बिलकूल नाई. बाजारात म्हातारा जाते. सांबार तोच तोडते, तोच इकते. त्याले हाक मारता येत नाई, टोपल्यामागं नुसता बसते जसा मुलगी पाहाले आला. हाक कुसुमबाई मारते म्हणे, दोघाईच्या बी भाजीची. जुड्या येवढ्या जाड बांधते का येक घेतली त बाई आठ दिवस येत नाई. असंच चाललं त मी उठोस्तोर धंदा बसन.

जागा कुसुमबाईनं धरून ठेवली. धरली का बळकावली ते चष्मा आला का पाहीन.

मनकर्णा, झालं का लिहून? वाच. मधी काय बोलली तू हळूच?

२१ डिसेंबर, बुधवार

लिहू नको म्हणलं हाय, पण थोडं लिहिते.

आज चष्मा मिळाला. म्हातारा संगं आला होता. येताना बसमधी गर्दी होती, मी त्याचा खांदा धरून चढली, त्याचा खांदा धरून उतरली, अन् शाळेच्या व्हरांड्यात त्याच्याच शेजारी बाकड्यावर बसली. पण पाह्यलं नाई. पट्टीच्या आत काय हाय, कायी हाय का नाई, याच्यातच जीव अडकला होता. मायचा कोपरा दिसत होता सारखा. दिसत होता म्हणजे मनात.

डाक्टरनं पट्टी काढली, चष्मा नाकावर बसोला. बाटलीच्या बुडायेवढी काच. सारं येकदम अंगावर आलं. भिंतीवरचा पोपडा, डाक्टरच्या शर्टाचं बटन, नर्सच्या कपाळावरची टिकली. त्यानं बोटं दाखोली, किती म्हणे. मी म्हणलं, बोटं राहू दे बाबा, नखं कापत जाय. नर्स हासली.

बाहेर आली. बाकड्यावर येक माणूस बसला होता. भुवया पांढऱ्या, गाल आत गेलेले, दोन्ही हातावर खरूज उठून वाळलेली, टोपी मांडीवर अन् डोक्यावर केस नाई. माही पिशवी त्याच्याजवळ होती. मी दोन पावलं पुढं निघून गेली, म्हाताऱ्याले पाहाले.

तो मागून म्हणे, "इकडं कुठं चालली?"

मी परत आली. जवळ जाऊन पाह्यलं. जाड काचेतून नाक वांग्यायेवढं दिसून राह्यलं होतं, पण नाक त्याचंच होतं. माह्या डोक्यात जो मारोतराव होता तो काळ्या मिशीचा होता. त्याच मारोतरावाले मी रोज म्हातारा म्हणे, थट्टेनं.

"कवा झाले वो तुमी येवढे म्हातारे?" मी म्हणलं.

त्यानं टोपी झटकून डोक्यावर घातली. मंग म्हणे, "तू पाह्यत नव्हती ना, तवा."

डाक्टरनं रडाची मनाई केली हाय. म्हणून आमचं गाव तामसी येवस्तोर बसमधी मी त्याले शिव्याच देत आली.